दिगंबरराव सरांचं जातं

आदिलाबादच्या मराठी शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी दिगंबरराव सरांनी माझं नावही विचारलं नाही. "तुमच्या घरी कंदील कुठं टांगत? खुंटीले का आढ्याले?" मी आढ्याला म्हणालो आणि सरांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या कादंबरीतला कंदील खुंटीला होता. ते प्रकरण त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. आता माझी नोकरी संपली, सरांना पंचाहत्तरावं लागलं, कादंबरी अजून चालूच आहे. गौरवलेखात असं लिहू नये, पण या कादंबरीनं मला वैताग आणला आहे.

निजामी राजवटीच्या अखेरीपासून भाषावार प्रांतरचनेत राजुरा-किनवट पलीकडे मराठी मुलखात गेले आणि आपण इकडे तेलुगू मुलखातच राहिलो, इथवरची ही हकीकत. 'वाचकाले वाटलं पाहिजे, हे झालंच होतं,' हा सरांचा ध्यास. मी तापानं आजारी पडलो तेव्हा दोन्ही वेळचा डबा त्यांनी स्वतः आणून दिला. ही माया मी विसरणार नाही. मात्र रोज जेवताना एक प्रकरणही ऐकवलं.

रझाकारांच्या धामधुमीत सरांच्या आई डोक्यावर जातं आणि कडेवर तान्ह्या सरांना घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेल्या, ही त्यांच्या घरातली गोष्ट. ते प्रकरण ऐकून आम्ही सगळे रडलो होतो. सरांना मात्र शंका आली. एका सकाळी घरातलं तेच जातं त्यांनी माझ्या डोक्यावर दिलं आणि मला नदीच्या वाटेला लावलं. गावाबाहेरच्या चिंचेखालीच मी ते टाकलं. मग सरांनी उचललं, तेही पुढच्या बांधापर्यंत पोचले नाहीत. "मायनं नेलं नसंल," म्हणाले, आणि प्रकरण रद्द!

त्यांच्या थोरल्या बहीण सखूआक्का तेव्हा आईचा पदर धरून चालल्या होत्या. "मेलेल्या मायले खोटी पाडून राह्यला का रे?" एवढं म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. भाऊबीजेलाही ओवाळेनात. मी चिडून म्हणालो, "सर, कोणता वाचक जातं उचलून पाहणार आहे?" सरांनी ऐकलं नाही.

यंदाच्या भाऊबीजेला ते मला घेऊन आक्कांच्या दारात गेले आणि उभ्यानंच नवं प्रकरण वाचू लागले. त्यात आई अर्ध्या वाटेत जातं टाकते आणि पुढे जन्मभर 'मी नेलं' असं सांगते. आक्कांनी डोळ्याला पदर लावला.

"नदीच्या अल्याड, पळसाखाली टाकलं. लय रडली माय. कोनाले सांगू नको म्हने. पोलीस ॲक्शननंतर येताना गाडीत घालून आनलं."

सर ओरडलेच. "मंग इतके वर्स मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं कुठं? तू तं जातं उचलून राह्यला होता."

त्या दिवशी आक्कांनी ओवाळलं. परतताना सर मध्येच थांबले. "कोनता पळस, ते इचाराचं राह्यलं," म्हणाले आणि मागे फिरले.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि आक्कांना त्याहून थोडं जास्त लाभो, म्हणजे सरांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला कुणीतरी राहील.