डाव्या हाताची पंगत

धाकट्या बहिणीची उजवी मूठ जन्मापासून मिटलेली होती. हाताला काही झालेलं नाही, इजा मेंदूला झाली आहे, याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, असं नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तोवर तिला सगळं आयतं मिळे. आई भरवायची, घरातली आत्या वेणी घालायची, मी बुटाचे बंद बांधायचे. माया म्हणजे हेच, असं आम्हाला वाटे.

बाई एक नवी पद्धत करून पाहत होत्या. अधूनमधून मालिश करून भागायचं नाही. दोन्ही हात लागतील अशी कामं मुलानं रोज तासन् तास करायची आणि मध्ये कुणी हात घालायचा नाही. जमलेलं, न जमलेलं त्या दर आठवड्याला तपासत. त्यांची पुस्तकं इंग्रजीत, मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून मोठ्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात हे काम माझ्याकडे आलं. चारचौघांत तोंड न उघडणारी मी घरात कडक मास्तरीण झाले.

शेंगा फोडायच्या, वाती वळायच्या, डब्याचं झाकण काढायचं. ती रडायची, शेंगा भिरकावायची. इंग्रजी शाळेनं मुलीचं काळीज दगडाचं केलं, असं आत्या शेजारणींना सांगायची. मी शेंगांनी भरलेलं सूप पुन्हा बहिणीपुढे सरकवत असे.

सुट्टी सरता सरता मूठ उघडली. घास उचलण्याइतकी नाही, पण वाटी धरण्याइतकी. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. हा तिचा मदतीचा हात, म्हणाल्या, जेवू दे तिला डाव्यानं. आत्याला मात्र सगळा खटाटोप वाया गेलासा वाटला.

त्याच ज्येष्ठात राहात्याला चुलतभावाची मुंज होती. पंगतीत बहीण माझ्याशेजारी बसली. वरण वाढत आलेली आत्या वाकून हळूच म्हणाली, "हिला आत ने. आई भरवील. लोकांत डाव्या हातानं जेवलेलं बरं दिसत नाही."

बहिणीनं डावा हात मांडीखाली घातला. त्या हातावर लपायची पाळी कधी आली नव्हती.

"ती इथंच जेवेल, आत्या."

समोरची ओळ माझ्याकडे बघू लागली. मी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं वरणभात कालवला.

आत्याची पळी हवेतच राहिली. माझा अर्धा घास साडीवर सांडला. बहीण खुदकन हसली, तिचा डावा हात वर आला आणि ती सरावानं जेवू लागली. मला काही केल्या जमेना. पत्रावळ पुढे सरकत होती, वरण कडेपर्यंत आलं होतं.

"ताई, सांडतंय," ती म्हणाली, आणि उजवा हात लांब करून तिनं माझी पत्रावळ दाबून धरली.