आईचं गाठोडं आणि तीन बंदरं

शिरूर कासारच्या स्टँडवर आई गाठोडं काखेत मारून आली, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. चाकांची नवीकोरी बॅग आणून दिली होती, ती तिने फळीवर ठेवून दिली. "खराब व्हईल," म्हणे.

दुष्काळात चारा छावणीत (गुरं जगवायच्या तळावर) एकत्र आलेल्या बायकांनी आमची दूध संस्था उभी केली. त्यातल्या आम्ही बारा जणी मुंबईहून जहाजाने गोवा, कोची आणि लक्षद्वीप बघायला निघालो होतो. सहल मीच ठरवली होती, तीही एका हट्टापायी. आईचा प्रवास म्हणजे जन्मभर ऊसतोडीचा ट्रक. तिला एकदा तरी ओझ्याशिवाय फिरताना मला बघायचं होतं.

कपिलधारचा धबधबा वाहिला तरी हरखून जाणारी आम्ही माणसं. इथे चहूकडे पाणीच पाणी. पहिल्या दिवशी कठड्यापासून कुणी हलेना.

गोव्याला जहाज लागलं. न्याहारी उरकून खोलीत येते तर आई तयार! कपडे, भाकरी, तांब्या, सगळं गाठोड्यात. अंथरुणाची चादरसुद्धा घडी घालून ठेवलेली.

"आई, संध्याकाळी इथंच परत यायचंय."

"मुकादमबी (टोळी नेणारा) असंच म्हनायचा. पानी प्यायला उतरलो, अन् ट्रक गेला निघून, भांड्याकुंड्यासकट. आख्खा हंगाम दुसऱ्याच्या पातेल्यात शिजवलं. तू कडेवर व्हतीस."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. गोव्यातली देवळं, चर्च, माशांचं कालवण, सगळं त्या गाठोड्यासकट झालं.

कोचीला किनाऱ्यावर लाकडी खांबांना टांगलेली भली मोठी जाळी होती. एका म्हाताऱ्या कोळ्याने हसत खुणावलं, "ओढा!" आमच्या बायका दोराला झोंबल्या. आई मात्र गाठोडं धरून बाजूला उभी राहिली. माझा नुसता संताप झाला. तिच्यावर नव्हे, त्या ट्रकवर.

लक्षद्वीपला मोठं जहाज काठाला लागत नाही. लांब थांबतं आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. होडी लाटांवर वरखाली होत होती. खलाशी म्हणाला, "अम्मा, दोनों हाथ दो."

आईने गाठोड्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून चालू लागली. झालं, माझा हट्ट बुडाला. होडी भरत आली तरी तिचा पत्ता नाही. शेवटी आली, ती मोकळ्या हातांनी.

"खाटंवर ठिवलं. गेलं तर गेलं."

निळ्याशार पाण्यात ती गुडघाभर शिरली, मग कमरेएवढी. तिथेच तिने माझे हात धरले आणि फुगडी घातली! लग्नानंतर बहुधा पहिलीच. "लई भारी हाय गं!" ती ओरडली. बाकीच्या दहा जणींनीही फेर धरला. एवढी खूश मी आयुष्यात झाले नव्हते.

परतताना ती होडीत मान उंच करकरून जहाजाच्या दिशेने बघत होती. मग एकदम माझा दंड दाबला.

"थांबलंय गं."

मला रडूच आलं. बंदरं मी तीन दाखवली, पण आई उतरली ती तिसऱ्यालाच.

गावी पोचलो तर बायका दूध घालायला जमल्याच होत्या. "काय आनलं, मावशे?" कुणीतरी विचारलं. आईने गाठोड्याची गाठ सोडली, सामान बाजूला सारलं आणि ते फडकं जमिनीवर अंथरलं.

"बसा," ती म्हणाली. "म्या उतरले तवा दोन्ही हात मोकळे व्हते माजे. अन् जहाज माज्यासाठी थांबलं व्हतं."