सहा जीबीचं लग्न

घरातल्या सगळ्यांचे फोटो-व्हिडिओ एका जागी राहावेत म्हणून लोहाऱ्यातल्या घरी मी एका जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवतो. पगार नाही, पण साहेब मीच. साहेब झाल्याबरोबर नियम केला: शंभर एमबीपेक्षा मोठी फाइल आत येणार नाही. कारण आमचे दाजी. ते रोज अर्ध्या तासाचा व्हिडिओ टाकायचे, त्यात बैल एका जागी बसलेले.

नियम केला आणि विसरलो.

मग सासरच्या गावाहून, वाशीहून, ताईचा फोन आला. तिच्या लग्नाची कॅसेट दुकानात कॉम्प्युटरवर घेताना फीत तुटली होती. आता ते लग्न फक्त तिच्या लॅपटॉपात, आणि लॅपटॉप आतून टकटक वाजत होता. त्या लग्नात आई बोलते. आता आई नाही, आणि तिचा आवाज आमच्याकडं दुसरीकडं कुठंच नाही.

"तुझा सर्व्हर फाइल घेत न्हाय."

"रेंज नसंल ताई. गच्चीवर जा."

दोन दिवस ताई भर उन्हात गच्चीवर. तिच्या जुन्या पेनड्राइव्हलाही सहा जीबीची एक फाइल पेलेना. तिसऱ्या दिवशी मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. फाइल मोठी, नाकारली. फाइल मोठी, नाकारली. ओळीनं सतरा वेळा.

"म्हंजे तूच अडवलंस व्हय?"

"व्हय."

"आन् मी गच्चीवर वाळत बसले."

मर्यादा काढली. फाइल निम्मी आली आणि वाशीत लाइट गेली. पुन्हा शून्यापासून. पुन्हा निम्मी, पुन्हा लाइट. टकटक वाढली होती. आता मात्र मी हट्टाला पेटलो. आईचा आवाज आणल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

बायको चहा ठेवत म्हणाली, "कडब्यानं भरलेली गाडी दारातनं आत येत नसली तर काय करता तुम्ही?"

"पेंढ्या उतरवून आत टाकतो."

"मग?"

कॉम्प्युटरचं तसं नसतं, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तसंच असतं. फाइलचे तुकडे करून पाठवायचे, सर्व्हर ते जोडतो. एखादा अडकला तर तेवढाच पुन्हा पाठवायचा. माहितीपुस्तिकेतलं ते पान, मोठ्या कंपन्यांसाठी असेल म्हणून, मी उलटलं होतं.

ताईला फोनवर एकेक अक्षर सांगून तिच्या लॅपटॉपवर तुकडे करायची सोय बसवली. तुकडा पन्नास एमबीचा, त्यामुळं शंभरची मर्यादा दाजींसाठी पुन्हा लावता आली. दिवसभरात लाइट तीनदा गेली. आलेले तुकडे जागच्या जागी राहिले. दिवेलागणीला शेवटचा आला.

दोघांनी दोन गावांत एकदमच व्हिडिओ लावला. मांडव, पंगत, आणि आई वाढप्याला सांगतीय, "वरणात मीठ कमी हाय, आधी चाखून बघत जावा."

ताईनं तिकडं व्हिडिओ मागं घेतला.

"परत लाव," म्हणाली. "मिठापासनं."