डावा मागचा फुगा

सर्व आप्तेष्टांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या मोटरहोमचा मागचा डावा कोपरा आज पहाटे पुन्हा बसला.

गेल्या वर्षी रोज सकाळी मी हे याच सुरात धाकट्या भावाला फोनवर ऐकवायचो आणि तो खो खो हसायचा. आत पलंग, शेगडी आणि बसूनच अंघोळ करावी लागेल एवढी मोरी असलेली ती जुनी गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. हिनकलला माझ्या घराशेजारच्या रिकाम्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, ती उभी असायची. धक्के झेलायला तिच्या चाकांवर लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी फुगे होते. मागचा डावा फुगा रात्रभरात मऊ पडायचा.

भाऊ हेब्बाळच्या एका कारखान्यात फिटर. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. हत्यारांशी माझा संबंध पुस्तकातल्या लढायांपुरता. त्या फुग्याचा व्हॉल्व्ह त्याने बसवला होता, हवेची नळी मी जोडली होती. दोष कुणाचा, हे मी न तपासताच ठरवलं.

एका रविवारी त्या दोघांबरोबर त्याचे सासरेही माझ्याकडे जेवायला आले होते. श्रोते दिसले की माझी जीभ थांबत नाही. बसलेल्या गाडीकडे बोट दाखवत मी भावाला म्हणालो,

"कारखान्यात पण असंच काम करतोस काय रे? आणि त्याचा पगार देतात?"

सगळे हसले. सासरे जरा जास्तच. भाऊ अर्ध्या जेवणातून उठला, हात धुतले आणि बायकोला घेऊन निघून गेला. त्यानंतर फोन नाही.

महिन्याभराने मी एकटाच फुग्यात हवा भरून गाडीखाली शिरलो आणि दाढीच्या ब्रशने सगळीकडे साबणाचा फेस फासला. त्याच्या व्हॉल्व्हवर एक बुडबुडा नाही. माझ्या नळीच्या सांध्यावर मात्र द्राक्षांचा घोस! नळी ओढून काढली, तर टोक तिरपं कापलेलं. भावाने दिलेलं कटर सापडेना म्हणून मी भाजीची सुरी चालवली होती. टोक सरळ कापून बसवलं. दुसऱ्या सकाळी गाडी ताठ उभी.

भावाला उद्या सांगू, म्हटलं. तो उद्या वर्षभर पुरला.

यंदा वडिलांच्या श्राद्धाला तो आला. जेवताना खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाला, "अण्णा, लीक कुठे होता?"

"होता कुठेतरी. भात घे."

वाढता वाढता बायको म्हणाली, "कुठेतरी काय? ह्यांनीच सुरीनं नळी वाकडी कापली होती, भावजी."

मी हसलो. तो हसला नाही.

"ठाऊक आहे, वैनी! त्या रविवारी जेवायच्या आधीच बघितलं होतं मी. सासऱ्यांसमोर अण्णाला मान कशाला खाली घालायला लावायची, म्हणून गप्प बसलो!"