ज्ञानोबाचे एकशेवीस किलो

१९६९ च्या दिवाळीनंतर आमची कंपनी दापोडीला आली. आम्ही सॅपर, म्हणजे फौजेतले पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे. माझं घर पिंपरीत, वडील कारखान्यात कामाला. घरापासून सायकलच्या अंतरावर पोस्टिंग मिळालं म्हणून आईने गल्लीत पेढे वाटले. पण छावणीबाहेर जायचा आऊटपास मिळता मिळेना, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "तू आसामात होतास तेच बरं होतं. निदान रोज दाराकडे बघावं तरी लागत नव्हतं."

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे पीटी, मग नदीकाठी पुलाची ड्रिल, चार वाजता वेटलिफ्टिंग. पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी प्लॅटफॉर्म, एक बार आणि ओतीव लोखंडाच्या प्लेटा, एवढीच आमची जिम. कोच सुभेदार करतारसिंग. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. लिफ्ट चांगली झाली की ते फक्त म्हणायचे, "प्लेट लगाओ."

माझा जोडीदार लान्स नायक ज्ञानोबा. चाकणजवळच्या एका वाडीचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला. आम्ही दोघं एकाच वजनी गटात, एकाच बराकीत. तो सकाळी भिजवलेले शेंगदाणे खिशात भरायचा आणि परेडला जाता जाता अर्धे माझ्या खिशात ओतायचा. क्लीन अँड जर्क म्हणजे बार जमिनीवरून खांद्यावर आणि तिथून डोक्यावर. यात त्याने एकशेवीस किलोपर्यंत मजल मारली. माझं गाडं एकशेदहाच्या पुढे सरकेना. मला त्याचा हेवा वाटायचा आणि तो हे ओळखून होता. "तुझं वजन बारवर नाही रे, कांबळे, डोक्यात आहे," असं म्हणून तो मला चिडवायचा.

नदीकाठच्या ड्रिलमध्ये मात्र वेटलिफ्टर लोकांनाच शिव्या बसायच्या. आमचा पूल लोखंडी पॅनेल जोडून उभा राहतो. एक पॅनेल सुमारे अडीचशे किलोचं. त्यात तीन दांडे घालायचे आणि सहा जणांनी मिळून न्यायचं. वेटलिफ्टरला झटक्यात उचलायची सवय असते. "लिफ्ट" म्हटलं की आमची बाजू एकदम वर आणि समोरच्या बिचाऱ्यांच्या अंगावर सगळा भार. हवालदार ओरडायचे, "पहलवान, अकेले नहीं हो!" झटका न देता, इतरांच्या दमाने उचलायला आम्हाला वर्षभर लागलं. आधी ज्ञानोबाला जमलं, मग मला.

डिसेंबर १९७१ मध्ये आम्ही पश्चिम सीमेवर होतो. एका खोल नाल्यावर पूल टाकायचा होता. मागे आमचे रणगाडे थांबलेले. काम रात्रीतच संपायचं होतं, पण माती ढासळत राहिली आणि उजाडलं तरी शेवटची पॅनेलं बाकी होती. उजेड झाल्यावर शत्रूचा तोफखाना आम्हाला शोधू लागला.

वायरलेसवर विचारणा झाली, "ब्रिज कब? ओव्हर."

मेजरसाहेबांनी उत्तर दिलं, "दो पॅनेल बाकी. काम चालू है. ओव्हर."

आमची पार्टी पॅनेल घेऊन उतारावर निघाली होती. पुढच्या दांड्यावर नामदेव आणि एक तमिळ जवान, मधल्यावर ज्ञानोबा आणि मी. डावीकडे गोळा पडला. तमिळ जवान फेकला गेला, मागचे दोघं आडवे झाले आणि पॅनेल कोसळलं ते नामदेवच्या पायांवर. तो सातारचा, जेमतेम विशीतला. तो ओरडला नाही, नुसता आमच्याकडे बघत राहिला.

ज्ञानोबा कडेला गेला. खाली बसला, पाठ सरळ केली आणि पॅनेलची कड गुडघ्यांपर्यंत उचलली. हळू, अजिबात झटका न देता. झटका दिला असता तर पॅनेल घसरून नामदेवच्या छातीवर गेलं असतं.

"ओढ त्याला," तो म्हणाला.

मी नामदेवच्या काखेत हात घातले. त्याचा एक बूट अडकला होता. तेवढ्यात दुसरा गोळा आमच्या मागेच पडला. माझ्या तोंडात माती गेली. ज्ञानोबा एकदा हलला, पण कड तेवढ्याच उंचीवर राहिली.

"निघाला का?" त्याने विचारलं.

"निघाला."

मग त्याने पॅनेल खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. त्यानंतर तो पॅनेलच्या शेजारीच बसला. त्याच्या पाठीत फुटलेल्या गोळ्याचे तुकडे घुसले होते. स्ट्रेचर येईपर्यंत तो गेला होता.

राहिलेली पॅनेलं आम्ही दुसऱ्या सेक्शनची माणसं घेऊन लावली. पुलावरून रणगाडे गेले. मी कडेला उभा राहून हाताने त्यांना रस्ता दाखवत होतो. रडायला वेळ नव्हता. पुढे वेळ मिळाला तेव्हा रडू आलं नाही, आणि त्याचा मला अतिशय राग आला.

उन्हाळ्यात आम्ही दापोडीला परतलो. चार वाजता शेडमध्ये हजर राहायचा हुकूम निघाला. मी हजर राहिलो. पण बारला हात लावणं माझ्या जिवावर यायचं. अंगात ताकद होती. मन मात्र मरून गेलं होतं. नाल्यावर जे उचललं ते पलीकडच्या काठाच्या दिशेने गेलं होतं, त्यावरून फौज पार झाली होती. इथे मी लोखंड जमिनीवरून उचलणार आणि पुन्हा त्याच जागी ठेवणार. इतकी वर्षं घाम गाळून मी नेमकं काय केलं, हे मला कळेना. नव्वद किलोसुद्धा खांद्यावर येईना. बराकीतले म्हणायचे, "ज्ञानोबासाठी उचल." असं कुणी म्हटलं की बार त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटायचा.

कमांडच्या, म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्या पलटणींच्या, स्पर्धा थंडीत होत्या. सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "टीम में रहना है या नहीं? हां या ना."

"ना, साब," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. शनिवारपर्यंत शेड आवरून दे आणि मग कंपनी ड्यूटीवर जा, असं सांगितलं.

त्याच शनिवारी ज्ञानोबाचे वडील, तात्या, आले. गेटवरून निरोप आला. ज्ञानोबा गेल्यावर मी त्यांच्या गावी एकदाही गेलो नव्हतो. तात्या धोतर, पैरण, पांढरी टोपी अशा वेषात, कांद्याची पिशवी घेऊन उभे होते. चाकणहून एसटीने आले होते.

"ज्ञानू सुट्टीवर आला की वजनाचं सांगायचा," ते म्हणाले. "आमाला काय समजायचं न्हाई. त्याच्या आईला वाटायचं, सरकार पोराला शिक्षा म्हणून वझी उचलाया लावतं. त्यो काय करायचा, ती जागा तरी दाव."

मी त्यांना शेडमध्ये नेलं. सुभेदारसाहेबांनी स्वतःचं स्टूल पुढे केलं. तात्यांनी बारवरून हात फिरवला, प्लेटा निरखल्या.

"आन हे उचलून न्यायचं कुटं?"

"कुठं नाही, तात्या. इथंच परत ठेवायचं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं. आणि त्या हसण्यामागोमाग सगळं बोलणं बाहेर पडलं. नाला, नामदेव, पॅनेलची कड, दुसरा गोळा. सरकारी तारेत फक्त "शहीद" असं होतं. कसा गेला, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

तात्या स्टुलावर टेकले. मग त्यांनी विचारलं, "एकट्याला पेललं कसं त्याला?"

मी बारकडे बोट दाखवलं. "यानं, तात्या. दोन वर्षं रोज हेच केलं म्हणून पेललं."

"आन त्यो सातारचा पोरगा?"

"जगला. लंगडतो जरा. घरी आहे."

"आन तू? तू बी हेच करतोस न्हवं?"

"करत होतो. आजपासून बंद करतोय."

"का रं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच उत्तर देणं अवघड झालं. मी प्लेटा रचू लागलो. त्यांनीच पुढे विचारलं, "ज्ञानू लई म्हंजी लई किती उचलायचा? तेवढं एकदा बघू दे मला."

सुभेदारसाहेबांना मराठी बेताचीच कळायची, पण एवढं कळलं. ते म्हणाले, "प्लेट लगाओ."

एकशेवीस किलो लावले. मी कंबरपट्टा बांधला. पहिल्या वेळी बार गुडघ्यापर्यंत आला आणि सुटला. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी पाठीमागे आपटलो. शरमेने माझे कान तापले. तात्या स्टुलावरून उठून आले आणि माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

"ऱ्हाऊ दे. उन्हाळी कांदं काढून झालं की मी परत यीन," ते म्हणाले. "तवर तुला जमंल का?"

"जमवतो," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी सुभेदारसाहेबांपुढे सावधान उभा राहिलो. "साब, वो ना वापस लेता हूं."

त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली.

थंडीत मी कमांडच्या स्पर्धेत उतरलो. तिसरा आलो. तेव्हाही एकशेवीस झाले नव्हते. आज निवृत्तीनंतर इथल्या कारखान्याच्या व्यायामशाळेतली पोरं मला विचारतात, "कांबळेसाहेब, मन लागत नसेल तर काय करायचं?" त्यांना मी सांगतो की माझंही लागत नव्हतं. काही दिवस तर मी फक्त दार उघडायचो, बार पुसायचो आणि रिकामाच उचलायचो. पण चार वाजता जायचो.

उन्हाळी कांदा निघाल्यावर तात्या आले. या वेळी ज्ञानोबाची आईही सोबत होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

सुभेदारसाहेबांनी स्वतः प्लेटा लावल्या. मी बार धरला. ओढला, खाली बसलो, खांद्यावर घेतला. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एक श्वास घेतला आणि बार वर लोटला. कोपरं सरळ झाली, पाय एका रेषेत आले. एकशेवीस किलो डोक्यावर स्थिर होते.

नियमाप्रमाणे आता बार खाली ठेवायचा हुकूम म्हणून "डाऊन" यायला हवं होतं. सुभेदारसाहेबांनी तोंड उघडलं, पण तात्यांनी त्यांच्या हाताला धरलं.

"थांबा जरा, सायेब. त्याच्या आईला बघू द्या."

माझे दंड थरथरू लागले. त्या माउली दारातून पुढे आल्या, प्लॅटफॉर्मच्या कडेपर्यंत. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग छातीकडे, मग वर हातांकडे. त्या मला बघत नव्हत्या. मी धरून राहिलो.

"असा दिसायचा व्हय," त्या म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावून मला म्हणाल्या, "ठेव रं बाळा आता. दमला असशील."