डार्टमूरच्या गोठ्यात दोन रात्री

एरंडोलजवळच्या शेतात मी घर बांधायला काढलं आणि घोडं अडलं ते गोठ्यापाशी. नकाशा माझाच, सिव्हिल इंजिनिअर ना मी! गोठा घरापासून चांगला दोनशे फूट लांब ठेवला. वास नको, माशा नकोत. आबांनी, म्हणजे वडिलांनी, नकाशा बघितला आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही ऱ्हा तठे. मी आठेज बरा शे." जुन्या घरात भिंतीपलीकडे त्यांची गाय असते. तिने नुसती मान हलवली तरी त्यांना कळतं.

लंडनला बहिणीकडे जायचंच होतं. म्हटलं, तिकडचं एखादं जुनं दगडी फार्महाउस बघू आणि तिथे गोठा घरापासून कसा लांब ठेवतात त्याचे फोटो दाखवून आबांना गार करू.

लंडनहून एक्झिटरपर्यंत रेल्वे आहे. तिकीट आधीच काढा, ऐनवेळी डोळे पांढरे होतात. पुढे डार्टमूरच्या माळापर्यंत भाड्याची गाडी. रस्ते इतके अरुंद की समोर ट्रॅक्टर आला तर एकाने मागे जायचं. मी गेलो. तिरका, दोनदा झुडपात. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढून आभार मानले, बहुधा करमणुकीबद्दल.

घर मात्र अहाहा! ग्रॅनाइटच्या दोन हात जाड भिंती, आणि दार इतकं बुटकं की पहिल्याच मिनिटाला कपाळाला टेंगूळ. मधून आरपार बोळ. चढाच्या अंगाला मालकीणबाईंचं बिऱ्हाड, उताराला मी दोन रात्रींसाठी घेतलेली पाहुण्यांची खोली. कोनाड्यात गणपतीचा फोटो ठेवला, भिंतीतल्या लोखंडी कडीला टॉवेल अडकवला. जमिनीत काचेखाली दगडी पन्हळ होती. "वा! इथे कारंजं होतं का?" मी विचारलं. इंजिनिअरने!

बाई गालात हसल्या. "शेण-मुताचा पाट आहे तो. तुम्ही गाईंच्या जागेवर झोपताय. माणसं वर, गाई खाली, दार एकच. घाण उताराने बाहेर जायची, ऊब घरात राहायची. माझे सासरे पलंगावरून हाक मारायचे, गाय ओ द्यायची."

भलतीच लाज वाटली. आबांचं म्हणणं मी गावंढळ म्हणून उडवलं होतं, आणि इथे पौंड मोजून गोठ्यात झोपत होतो. सकाळी अंड्यांवर घरची शेव भुरभुरली, पण घास काही गोड लागेना.

घरी आल्यावर नकाशा नव्याने काढला. गोठा आबांच्या खोलीला लागून, उताराच्या अंगाला. आधी त्यांना फोटो दाखवले, बाईंच्या सासऱ्यांची हकीकतही सांगितली.

"आते ढोरं कोठे शेतस?" आबांनी विचारलं.

"नाहीत आबा. तिथे पाहुणे झोपतात."

"मंग त्या बाईले ओ कोन देस?"

मी नकाशा पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, मग गोठ्याकडच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"आठे खिडकी ठेव. मंग मी येसू."