एकदाच लिहायची किंमत

भाताच्या कुकरलाही प्रोग्राम लागतो, हे बे ग्यूरीच्या सासूला कधी पटलंच नाही. "मी बिनप्रोग्रामचा भात घातला, तरी पोरं वाढलीच की," ती म्हणायची. चांगवॉनच्या कुकर कारखान्यात ग्यूरीचं निम्मं आयुष्य मात्र त्या प्रोग्रामपायीच गेलं होतं.

या वसंतात तिनं एकच ध्यास घेतला होता. आतलं भांडं घासायला काढलेलं असतं, आणि घाईत बाई धुतलेले तांदूळ पाण्यासकट रिकाम्या कुकरमध्ये ओतते. यंत्र बाद. ग्यूरीच्या आईनं हे दोनदा केलं. दुसऱ्यांदा तर लाजेनं कुणाला सांगितलंही नाही, गुपचूप पातेल्यात भात शिजवत राहिली. म्हणून झाकण उघडताच कुकरनं बोलायला हवं होतं, "अहो, आत भांडं नाही!"

पण चिपमध्ये जागाच नव्हती. होती ती खातेप्रमुख प्यो साहेबांनी स्वागतगीताला दिलेली. कुकर प्लगला लावला की ते वाजे, आणि गायलं होतं संचालकांच्या सुनेनं.

मग ग्यूरीनं चिकाटीचा मार्ग धरला. प्रोग्राममधल्या कितीतरी किमती, म्हणजे ठरलेले आकडे, कुकर सुरू होताना एकदाच लिहिल्या जातात, प्लग काढेपर्यंत बदलत नाहीत. पण कंपायलरला, म्हणजे तिचं लिहिणं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याला, हे कळायचं कसं? तो बिचारा दर वेळी किंमत पुन्हा वाचायची, पुन्हा तपासायची सूचना घालत बसे, आणि जागा खाई. ग्यूरीनं सारा प्रोग्राम वाचून अशा एकेका किमतीवर खूण केली: ही एकदाच लिहिली जाते, पुढे पक्की धर. भांडं सहा माणसांचं की दहा, या आकाराच्या किमतीनं सर्वांत जास्त जागा सोडली. त्या जागेत 'आत भांडं नाही' ही ताकीद बसली.

आणि तपासणीत दहा माणसांचे सगळे कुकर नापास झाले. पडद्यावर 'दहा', आच मात्र सहाची. भात कच्चा.

"बे बाई, हा भात संचालकांच्या पानात वाढू का?" प्यो साहेब सगळ्यांदेखत गरजले.

ती तशीच खाली तपासणीच्या सरकत्या पट्ट्यापाशी गेली. तिथल्या प्रमुख मो ताई हातमोजे न काढताच बोलल्या, "आम्ही रोजच्यासारखंच केलं."

"नवा कुकर सहाचा म्हणूनच सुरू होतो, ताई. तार जोडून दहा लिहिलं, की प्लग काढून पुन्हा लावायचा, नाहीतर आत सहाच पक्कं राहतं. लावता ना?"

"नाही."

"अहो, तुम्हाला पाठवलेल्या सूचनेत आहे!"

"सूचनेत लिहायला तुझं काय जातं? प्लग लावला की तुझा कुकर गातो. गाणं संपेपर्यंत एक बटण दाबू देत नाही. पुढचा कुकर येऊन माझ्या पोटात घुसतो. दर कुकरला दोनदा गाणं ऐकू? तुझ्या पगारावर माणूस दे, दिवसभर ऐकवते."

पलीकडच्या बायका हसल्या. ग्यूरीला हसू आलं नाही, कारण ताईंचं खोटं नव्हतं.

ती वर आली. "साहेब, गाणं सुरू असताना बटणं चालू ठेवू या. किंवा गाणं थोडं छोटं करू."

"छोटं? सूनबाईंचं?" प्यो साहेबांनी दार लोटून घेतलं. "आणि बटण दाबून मध्येच तोडायचंही नाही, संचालकांनी स्वतः बजावलंय. ती तुझी खूण काढून टाक."

"काढली तर जागा पुरत नाही. भांड्याची ताकीद जाईल."

"मग जाऊ दे. भांडं नसताना तांदूळ ओततं कोण? वेडा असेल तोच."

"माझी आई ओतते."

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुढच्या मॉडेलला बघू."

मागच्या मॉडेललाही ते हेच म्हणाले होते. ग्यूरी जागेवर बसली, आकाराच्या किमतीवरची खूण तिनं पुसली. प्रोग्राम चिपमध्ये मावेना. ताकिदीच्या ओळी तिनं स्वतःच्या हातानं काढल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग मावला. दहाचा कुकर पास झाला, भात मोकळा शिजला.

संध्याकाळी प्यो साहेब तिच्या टेबलाशी थांबले. "गाणं पूर्ण वाजतं ना?"

"वाजतं," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीपर्यंत."